काशीचा इक्का आणि मोटारीची कमान

पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडी आले. पुढे शंभरएक वर्षांनी अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते सांगताना या गोष्टी आधी आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हे नाते खऱ्या अर्थाने जपले ते वाट तुडवणाऱ्या सामान्य यात्रेकरूंनी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले, ही हकीकत 'माझा प्रवास'मुळे घरोघरी ठाऊक झाली आहे. त्या कावडीकडे मात्र कोणी यंत्र म्हणून पाहिले नाही. कावडीचा बांबू लवतो. पावलागणिक खांदा वरखाली होतो, पण दोन टोकांना टांगलेले कलश जवळजवळ एकाच उंचीवर तरंगत राहतात. मधला सगळा हिसका बांबू गिळतो. मुरलेला कावडकरी बांबूचा लव ओळखून पाऊल टाकतो. नवखा तसे करत नाही आणि त्याचा खांदा सोलून निघतो. आजच्या मोटारीच्या चाकाजवळ जी स्प्रिंग असते, तिचे सारे तत्त्व या बांबूत आहे.

१८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली आणि महिनोन्‌महिन्यांची काशीयात्रा काही दिवसांवर आली. १८८७ मध्ये राजघाटाजवळ गंगेवर डफरिन पूल झाला. आज तो मालवीय पूल म्हणून ओळखला जातो. आगगाडीच्या डब्याखाली पोलादी कमानी होत्या, त्यामुळे शेकडो मैलांचा प्रवास अंगाला फारसा न लागता पार पडे. खरी परीक्षा शेवटच्या दोनतीन मैलांत होई. स्थानकाबाहेर इक्के उभे असत.

इक्का म्हणजे एका घोड्याची, दोन चाकांची हलकी गाडी. मोठी लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव, आसावर बसवलेली चौकोनी बैठक, चार खांबांवर छत्री, आणि घोड्याच्या पाठीकडे निमुळत्या होत गेलेल्या दांड्या. उतारूंनी मांडी घालून बसायचे आणि खांबाला धरायचे. टांग्यात निदान पाय सोडून, पाठीला पाठ लावून बसता येते आणि खाली कमानीही असतात; इक्क्याला कमान नाही. रस्त्यातला प्रत्येक खड्डा धावेतून चाकात, चाकातून आसात, आसातून बैठकीत आणि तेथून थेट मणक्यात जातो. दमणी किंवा शिग्राम यांची सवय असलेल्या दक्षिणी यात्रेकरूला हे वाहन म्हणजे पापक्षालनाचाच एक भाग वाटला असल्यास नवल नाही. युरोपीय प्रवाशांनी तर इक्क्याची यथेच्छ टवाळी केली आहे.

टवाळी करणारांनी एक प्रश्न मात्र विचारला नाही. कमानीचे टांगे डोळ्यांसमोर धावत असताना इक्केवाल्याने कमान का घेतली नाही? ती न परवडणे हे एक कारण झाले. दुसरे कारण वजनाचे. पोलादी पाट्यांची जोडी, तिचे बूच आणि कड्या हे सारे ओझे घोड्यालाच ओढावे लागते. आणि तिसरे कारण, जे सर्वांत महत्त्वाचे, ते समजायला श्रावणाची वाट पाहावी लागते.

उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. या महिन्यात काशी आणि प्रयाग येथे इक्क्यांच्या चुरशीची जुनी परंपरा आहे. तिला गहरेबाजी म्हणतात. एरवी आठवडाभर उतारूंची आणि सामानाची ने-आण करणारा इक्का त्या दिवशी झूल, घुंगरू आणि पितळी साज लेवून शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर येतो. शर्यत वेगाची असते, पण निव्वळ वेगाची नव्हे. घोड्याने चौखूर उधळायचे नाही, ठरलेली चाल मोडायची नाही. चाल मोडली की घोडा कितीही पुढे असो, त्याची किंमत संपली. आपल्याकडे जिला रवाळ चाल म्हणत, त्या जातीची ही कदम चाल. उधळलेला घोडा कमरेतून उसळतो, पाठ हातभर वरखाली होते. कदम चालीत पाय भराभर पडतात आणि पाठ जवळजवळ सपाट राहते. दांड्यांची टोके घोड्याच्या पाठीवर टेकलेली आहेत हे लक्षात घेतले म्हणजे या नियमातला अर्थ उलगडतो. घोड्याची पाठ उसळली तर सारा इक्का मागेपुढे डोलणार; पाठ स्थिर राहिली तर चाके रस्त्याला चिकटून राहणार. इक्केवाल्याने कमान विकत घेतली नाही, ती घोड्याच्या चालीत घडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय कमानीची गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, लगाम खेचताच झुकते, मोकळा सोडताच मागे रेलते. इक्का यांतले काहीच करत नाही. हाताखाली जे घडते ते हाकणाऱ्याला त्याच क्षणी कळते. विदर्भातल्या शंकरपटाचा हलका छकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेथेही शर्यतीच्या गाडीला कोणी कमानी लावत नाही.

म्हणजे एकच वाहन, आणि त्याला दोन रस्ते: रोजचा गल्लीबोळांच्या तोंडाशी जाणारा खड्ड्यांचा रस्ता आणि श्रावणातला शर्यतीचा. इक्केवाल्याने दुसऱ्या रस्त्याचा कौल घेतला आणि पहिल्याची किंमत उतारूच्या मणक्याकडून वसूल केली. पुढे मोटारीच्या शिल्पज्ञांपुढे हाच पेच उभा राहिला. स्पोर्ट्‌स कार म्हणून ओळखली जाणारी दोन माणसांची चपळ मोटार सोमवार ते शनिवार कचेरीला न्यायची आणि रविवारी शर्यतीच्या मार्गावर पळवायची, तर तिच्यासाठी स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर निवडायचे कोणते? हा प्रश्न सोडवण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

युरोपात १७ व्या शतकापर्यंत श्रीमंतांच्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. हिसका कमी होई, पण पेटी पाळण्यासारखी झुले आणि आत बसलेल्यांना गाडी लागे. १६७८ मध्ये रॉबर्ट हुक याने आपला सिद्धांत प्रसिद्ध केला: जितका ताण तितके बल, स्प्रिंग दुप्पट दाबायची तर दुप्पट वजन हवे. पुढे १८०४ मध्ये ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. पोलादी पाटे एकावर एक रचून दोन धनुष्ये समोरासमोर जोडायची आणि बग्गीची पेटी आसावर थेट त्यांच्या आधारे ठेवायची, ही ती युक्ती. त्यामुळे पेटीखालचा अवजड लाकडी दांडा गेला, गाडी हलकी झाली. मॅकॅडमचे खडीचे रस्ते त्याच सुमारास आले आणि इंग्लंडातील टपालगाड्या वाऱ्यासारख्या धावू लागल्या. आपल्या ट्रकखाली जे पाटे दिसतात ते या इलियटच्या कमानीचेच वंशज.

कमानीने एक उपकार केला आणि एक उपद्रव दिला. दाबलेली स्प्रिंग घेतलेली शक्ती जिरवत नाही, फक्त उसनी ठेवते आणि दुसऱ्या क्षणी परत करते. खड्डा मागे पडला तरी गाडी डुलतच राहते. जुन्या कमानीत हे फारसे जाणवत नसे, कारण एकावर एक घासणारे पाटे आपोआप ब्रेकचे काम करीत. पण हे घर्षण भरवशाचे नव्हते. गंज चढला की कमान लाकडासारखी ताठ, तेल पाजले की भलतीच सैल. लहानशा गचक्याला ती हलायलाच तयार नसे आणि मोठ्याला आवरत नसे. १९०० च्या आगेमागे मोटारीचा वेग वाढला तसा हा दोष जिवावर बेतू लागला. डुलणाऱ्या गाडीचे चाक ज्या क्षणी रस्ता सोडते, त्या क्षणी सुकाणू आणि ब्रेक दोन्ही नावापुरतेच उरतात.

यावर फ्रान्समधील त्रुफो याने घर्षणपट्ट्यांची कात्री शोधली आणि अमेरिकेतील एडवर्ड हार्टफर्ड याने विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा कारखाना काढला. पट्ट्यांमधला बोल्ट आवळला की कात्री घट्ट, ढिला केला की सैल. शर्यतीचे चालक सकाळी रस्ता पाहून हा बोल्ट फिरवीत; एका गाडीला दोन रस्त्यांसाठी तयार करण्याचा तो पहिला व्यवहार्य उपाय. त्यानंतर तेलाचे डँपर आले. नळकांड्यातला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो. हळू ढकलले तर तेल मुकाट्याने जाते, जोरात ढकलले तर जोराने अडते. घर्षणात नसलेला हा विवेक तेलात आहे. त्याला शॉक अॅब्सॉर्बर हे नाव चिकटले आणि आपल्या गॅरेजमध्ये त्याचा शॉकॉप्सर झाला. नाव चुकीचेच आहे. धक्का स्प्रिंग झेलते. शॉकॉप्सर त्यानंतरची डोलावणी शमवतो आणि तिची शक्ती तेलाच्या उष्णतेत घालवतो. लांब खडबडीत रस्त्यावरून आलेल्या मोटारीच्या शॉकॉप्सरला हात लावून पाहिला तर चटका बसतो, तो त्यामुळेच.

स्प्रिंग किती मऊ असावी, याचे उत्तर फ्रेडरिक लँचेस्टर याने माणसाच्या चालीत शोधले. चालताना आपले शरीर मिनिटाला ज्या गतीने वरखाली होते, त्याच गतीने गाडी डुलली तर ती अंगाला परकी वाटत नाही. कावडकऱ्याला जे खांद्याने कळले होते ते इंग्लंडात आकड्यांनी सिद्ध झाले. पुढे मॉरिस ऑली हा अभियंता रोल्स रॉइस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. १९३२ मध्ये त्याने पुढेमागे वजने सरकवता येतील अशी चाचणीची मोटार बांधली आणि एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. त्या काळी पुढच्या कमानी ताठ आणि मागच्या मऊ असत. वास्तविक खड्डा आधी पुढच्या चाकांना भेटतो. मागचा भाग उशिरा डुलू लागतो, आणि तो जर पुढच्याहून थोडा जलद डुलला तर पुढच्याला गाठतो. सारी गाडी सपाट राहून वरखाली होते. उलट असेल तर ती नांगरलेल्या होडीसारखी नाक वरखाली करत राहते. त्यानंतर १९३४ च्या मोटारींत पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा आल्या आणि पुढचा भाग मऊ झाला.

दोन रस्त्यांच्या मोटारीसाठी निवड करताना आजही हाच हिशेब मांडावा लागतो. गाडी आपल्या वजनाने स्प्रिंग किती दाबते, यावरून तिचे डोलणे ठरते. २५ सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला १ वेळा डुलते. ११ सेंटीमीटर दबणारी दीड वेळा. ६ सेंटीमीटर दबणारी २ वेळा. आणि जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर दबणारी ३ वेळा. आरामाची मोटार पहिल्या आकड्याच्या आसपास असते, रस्त्यावरची चपळ मोटार दुसऱ्या-तिसऱ्याच्या दरम्यान, आणि शर्यतीसाठीच बांधलेली त्याच्याही पुढे. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर ताठ स्प्रिंग वळणात गाडीला कलू देत नाही, चारही टायर आपापला भार नीट उचलतात. तीच गाडी पावसाळ्यानंतर काशीच्या लहुराबीर-गोदौलियाच्या रस्त्यावर आणली तर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी खड्ड्यावरून उडते, आणि उडालेल्या चाकाला कसली पकड! ताठपणा म्हणजे पकड, हा समज फक्त सपाट रस्त्यावर खरा आहे.

या समजाने हौशी लोकांचे बरेच नुकसान केले आहे. दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर मद्रासजवळ शोलावरम येथे अनेक वर्षे मोटारशर्यती भरत. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाटसारख्या साध्या घरगुती गाड्याही अशा शर्यतींत उतरत. गाडी जमिनीलगत आणण्याचा सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंगेचे वेढे कापणे. गॅरेजमध्ये तो आजही सर्रास होतो. ८ वेढ्यांतून २ कापले तर उंची कमी होते, पण स्प्रिंगही तिसऱ्या हिश्श्याने अधिक ताठ होते आणि दबायला जागाही कमी उरते. शॉकॉप्सर मात्र जुनाच. मऊ स्प्रिंगेला आवरण्यासाठी बनवलेला तो बिचारा ताठ स्प्रिंगेची उसळी आवरू शकत नाही. मग दुसरे टोक गाठले जाते: शॉकॉप्सर भलता घट्ट करायचा. आता दबलेली स्प्रिंग पुन्हा उघडायच्या आत पुढचा गचका येतो, गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यांवर आपटू लागते. तेव्हा आधी गाडीचे वजन आणि चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा पाहावी, त्यावरून स्प्रिंग घ्यावी, आणि शॉकॉप्सर त्या स्प्रिंगेच्या मापाचा घ्यावा. जोडी पत्रिका पाहून लावायची असते. एकट्या वराचे रूप पाहून नव्हे.

काशीत हा पेच फार मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला, तो मोटारींसाठी नव्हे, रेल्वे इंजिनांसाठी. शहराच्या पश्चिमेस १९६१ मध्ये डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले डब्ल्यूडीएम-२ इंजिन बाहेर पडले. त्या नावातला एम मिश्र कामासाठी आहे: आज मालगाडी, उद्या डाकगाडी. इंजिन २,६०० अश्वशक्तीचे, वजन सुमारे ११३ टन, वेग ताशी १२० किलोमीटरपर्यंत. मालगाडी ओढायची तर सहाही आसांवर भार सारखा पडला पाहिजे, नाहीतर हलके झालेले चाक रुळावर नुसते फिरते. म्हणून आसांमध्ये तोलदांडे घालून त्यांवर स्प्रिंगा बसवलेल्या. डाकगाडी ओढायची तर मऊपणा हवा. आणि विजेच्या मोटारींचे निम्मे वजन स्प्रिंगेविना थेट आसावर, म्हणजे वेग वाढेल तसा रुळावर पडणारा घणही जड. हे इंजिन दोन्ही कामांत सर्वोत्कृष्ट नव्हते. पण रेल्वेला दोन जातींची इंजिने सांभाळण्याइतका पैसा नव्हता, आणि या तडजोडीच्या इंजिनाने देशाची कित्येक वर्षांची वाहतूक निभावली. नंतर परिस्थिती बदलली तेव्हा याच कारखान्यात मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-४ आणि उतारूगाडीसाठी डब्ल्यूडीपी-४ अशी वेगवेगळी इंजिने बनू लागली. २०२० मध्ये कारखान्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. तोवर तो विजेच्या इंजिनांकडे वळलेला होता.

मोटारीच्या जगाने वेगळी वाट धरली: गाडी दोन न करता स्प्रिंगेलाच दोन स्वभाव द्यायचे. ट्रकखाली मुख्य पाट्यांच्या वर एक मदतीचा पाटा असतो. रिकाम्या ट्रकमध्ये तो नुसता बसून राहतो आणि माल भरला की कामाला लागतो. हा या विचाराचा सर्वांत साधा नमुना. महागडा नमुना लोटस या इंग्रज कंपनीने १९८३ मध्ये शर्यतीत उतरवला. त्यात तेलाच्या दाबाने आणि गणकयंत्राच्या हुकमाने प्रत्येक चाक वरखाली केले जाई. १९८७ मध्ये आयर्टन सेना अशा लोटसमध्ये मोनॅको आणि डेट्रॉइट येथे जिंकला, १९९२ मध्ये विल्यम्सच्या मोटारींनी याच जातीच्या यंत्रणेच्या जोरावर साऱ्यांना मागे टाकले, आणि १९९४ पासून तिच्यावर बंदी आली. यंत्र चालकापेक्षा शहाणे झाले, अशी तक्रार होती. चाल मोडणाऱ्या घोड्याला बाद करणारे काशीचे पंच त्या निर्णयाशी कदाचित सहमत झाले असते. रस्त्यावरच्या मोटारींना मात्र बंदी नव्हती. २००२ मध्ये अमेरिकेत असा शॉकॉप्सर आला की ज्याच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण आहेत. चुंबकीय क्षेत्र लावताच तेल दाटते, काढताच पातळ होते, आणि हे सेकंदाच्या अत्यल्प अंशात घडते. हार्टफर्डचा बोल्ट सकाळी एकदा फिरवावा लागे, हा प्रत्येक खड्ड्याला फिरतो.

उत्तर प्रदेशातच, ग्रेटर नॉयडाजवळ, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. त्या गुळगुळीत डांबरावर सेकंदाला अनेक वेळा थरथरणाऱ्या, बोटभरही न लवणाऱ्या गाड्या धावल्या. त्यांतली एखादी बुद्धाने पहिला उपदेश केला त्या सारनाथच्या रस्त्यावर आणली असती, तर मैलभरही टिकली नसती. त्या रस्त्यावर इक्का टिकत असे.

प्रयागराजला सावनातल्या सोमवारी गहरेबाजी अलीकडच्या वर्षांतही होत आली आहे. काशीच्या रस्त्यांवरून रोजचा इक्का मात्र जवळजवळ गेला. बनारस कँट स्थानकाबाहेर आता बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षा उभ्या असतात. त्यांना पुढे तेलाचे दोन नळकांडी शॉकॉप्सर आणि मागे इलियटच्या घराण्यातले पोलादी पाटे असतात. चाके लहान असतात, त्यामुळे खड्डा इक्क्याच्या मोठ्या चाकापेक्षा खोल लागतो; आणि चारांच्या जागी सहा उतारू बसले की पाटे सपाट होतात. सराईत रिक्षावाला अशा वेळी खड्डा टाळत नाही, तिरका घेतो, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली उतरते.